केनियाचं पिवळं कार्ड : ते मागतं कोण आणि का?

‘इंजेक्शन नको, नुसतं कार्ड मिळेल का हो कुठे?’ गेल्या दोन महिन्यांत हा प्रश्न मला तिघांनी विचारला. पत्रकार म्हटलं की लोकांना वाटतं याच्या ओळखी सगळीकडे असणार, आणि ओळख असली की शिक्का मिळतो. तिघेही केनियाला निघालेत, मसाई माराला. पूर्वी आपल्या तालुक्यातून काशी-रामेश्वर व्हायचं, मग दुबई-सिंगापूर सुरू झालं, आता निवृत्त मास्तर, दुकानदार, डॉक्टर ग्रुप करून सिंह बघायला आफ्रिकेत जातात. चांगलंच आहे. जगायचं, फिरायचं. पण त्या पिवळ्या कार्डाविषयी लोकांच्या डोक्यात इतका गोंधळ आहे, की म्हटलं एकदा सविस्तर लिहूनच टाकावं. पोस्ट लांबलीय. ज्यांना जायचंय त्यांनी तरी पूर्ण वाचा.

पहिला गैरसमज. बहुतेकांना वाटतं यलो फिव्हरची लस केनिया सरकार मागतं. भारतातून थेट जाणाऱ्याकडे केनिया ती सक्तीने मागत नाही, कारण भारतात हा रोग नाहीच. कार्ड मागतो तो आपला भारत, तुम्ही परत येताना. मुंबईच्या विमानतळावर उतरलात, तुम्ही केनियाहून आलात आणि वैध कार्ड नाही, तर आपलंच सरकार तुम्हाला सहा दिवसांपर्यंत वेगळं ठेवू शकतं. म्हणजे बनावट कार्ड घेऊन आपण परक्या देशाला नाही, स्वतःच्या गावाला फसवतो. हे एवढं कडक का, त्यामागे सव्वाशे-दीडशे वर्षांचा इतिहास आहे.

आधी रोग काय ते सांगतो. सरकारी कागदात त्याला पीतज्वर म्हणतात, बोलण्यात यलो फिव्हर. आपल्याकडच्या काविळीशी त्याचा संबंध नाही, रंग तेवढा सारखा. आफ्रिकेतल्या तीसेक देशांत आणि मध्य-दक्षिण अमेरिकेतल्या डझनभर देशांत तो आहे. डास चावला की तीन ते सहा दिवसांत ताप, पाठदुखी, उलट्या. बरेच जण त्यातून उठतात. पण काहींना ताप उतरल्यावर एखाद्या दिवसात तो उलटतो. डोळे पिवळे होतात, हिरड्यांतून, नाकातून रक्त येतं, उलटी काळी पडते. अशा रुग्णांपैकी जवळपास निम्मे आठ-दहा दिवसांत जातात. नेमकं औषध आजही नाही, लस आहे. विमानतळावरचे सहा दिवस कुठून आले, तेही इथेच कळतं. रोग अंगात असेल तर तेवढ्यात तो बाहेर पडतो.

हा रोग आफ्रिकेतून अमेरिकेत गेला तो गुलामांच्या जहाजांतून. जहाजावरच्या पाण्याच्या पिंपांत डासांची पिलावळ वाढायची, पिंपांबरोबर डासही समुद्र ओलांडायचे. १७९३ साली फिलाडेल्फिया ही अमेरिकेची राजधानी होती, वस्ती सुमारे ५० हजार. एका उन्हाळ्या-पावसाळ्यात त्यातले ५ हजारांच्या आसपास मेले. १८०२ मध्ये नेपोलियनने हैतीचं बंड मोडायला फौज पाठवली, ती या तापाने संपवली, सेनापती लक्लेर्कही त्यातच गेला. आणि तरीही कोणाला माहीत नव्हतं हा पसरतो कसा. कोणी म्हणे घाण हवेने, कोणी म्हणे रोग्याच्या कपड्यांनी.

क्यूबातला एक डॉक्टर, कार्लोस फिनले, १८८१ साली म्हणाला की हा डासाचा उद्योग आहे. त्याने डासाची जातसुद्धा बरोबर सांगितली. लोक हसले, आणि पुढची वीस वर्षं हसत राहिले. त्याच १८८१ साली फ्रेंचांनी पनामाचा कालवा खणायला घेतला होता. तिथल्या दवाखान्यात खाटांचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवलेले असत, मुंग्या वर चढू नयेत म्हणून. आपल्या आज्याही दुधाचं भांडं असंच परातीत ठेवायच्या. त्या वाट्यांत डास वाढले आणि पाय मोडून आलेला मजूर तापाने मरून बाहेर पडू लागला. आठ-नऊ वर्षांत २२ हजारांच्या आसपास माणसं गेली असा अंदाज आहे, आणि फ्रेंचांनी काम सोडलं.

१९०० साली अमेरिकन लष्कराने वॉल्टर रीड या डॉक्टरला क्यूबात पाठवलं. त्याने काय केलं बघा. एका झोपडीत मेलेल्या रोग्यांचे घाण कपडे, पांघरुणं भरली आणि त्यात धडधाकट माणसं वीस रात्री झोपवली. कोणाला काही झालं नाही. दुसऱ्या स्वच्छ झोपडीत नुसते डास सोडले आणि माणूस आजारी पडला. संपला वाद. या कामात रीडचा सहकारी जेसी लाझिअर डास चावून मेला. ज्यांच्यावर प्रयोग झाले त्यांच्याकडून लेखी करार घेतले होते, १०० डॉलर, आणि आजारी पडल्यास आणखी १००. कराराची पद्धत त्या काळात नवीच. गरिबाला पैसे देऊन मरणाची जोखीम घ्यायला लावणं बरोबर की चूक, यावर वाद घालता येईल. पण निदान विचारलं तरी होतं.

पुढे गॉर्गस नावाच्या अधिकाऱ्याने हवानात आणि मग पनामात घरोघर जाऊन पाण्याची भांडी झाकली, डबकी बुजवली, तेल टाकलं. आपल्या आशाताई आज ‘कोरडा दिवस पाळा’ म्हणत जे करतात तेच. यलो फिव्हर दोन-चार वर्षांत तिथून गेला आणि १९१४ च्या ऑगस्टमध्ये कालवा सुरू झाला.

आता इथे आपला प्रवेश होतो. कालवा होणार म्हटल्यावर हिंदुस्थानातल्या इंग्रज डॉक्टरांची झोप उडाली. तोवर अमेरिकेतलं जहाज आशियात यायला इतके दिवस लागायचे, की वाटेतच रोगी एकतर बरा व्हायचा नाहीतर मरायचा. अंतर हीच आपली तटबंदी. कालव्याने ती फुटणार होती. सरकारने मेजर जेम्स या डॉक्टरला पनामा आणि पूर्वेकडची बंदरं बघायला पाठवलं. १९१३ साली त्याने हिंदुस्थानला या तापापासून कसं वाचवायचं यावर लेख लिहिला. मुद्दा साधा होता. रोग पसरवणारा डास आपल्या बंदरांत आधीच मुबलक आहे, अब्जावधी डास वाट बघतायत, फक्त विषाणू यायचा बाकी आहे. त्याच डासाला आज आपण डेंग्यूचा डास म्हणतो. पायावर पांढरे पट्टे, दिवसा चावणारा.

चौदा वर्षांनी आणखी एक गोष्ट घडली आणि भीती दुप्पट झाली. १९२७ साली पश्चिम आफ्रिकेत, आजच्या घानामध्ये, असिबी नावाच्या २८ वर्षांच्या तापलेल्या माणसाचं रक्त संशोधकांनी घेतलं. ते टोचण्यासाठी प्राणी हवा होता. आफ्रिकेतल्या माकडांना काही होत नव्हतं. मग भारतातली माकडं आणवली, ऱ्हीसस, म्हणजे आपल्या उत्तरेकडची लाल तोंडाची. ती पटापट मेली. शास्त्रज्ञांना आनंद झाला, कारण अखेर रोग प्रयोगशाळेत पकडता आला. पण आपल्यासाठी त्याचा अर्थ वेगळा होता. डास आहे, प्रतिकारशक्ती नसलेली माणसं आहेत, आणि आता माकडंही या रोगाला बळी पडतात हे कळलं. म्हणजे एकदा विषाणू आला तर तो जंगलात जाऊन बसेल, मग कायमचा बाहेर निघायचा नाही.

असिबी बरा झाला. त्याचं रक्त तपासणारा एड्रियन स्टोक्स काही महिन्यांत त्याच तापाने मेला. पुढच्या वर्षी अक्रामध्ये जपानी शास्त्रज्ञ नोगुची गेला, त्याच्या मागोमाग यंग गेला. लशीच्या कुपीमागे ही सगळी माणसं उभी आहेत. असिबीच्या रक्तातल्या त्या विषाणूला न्यूयॉर्कमध्ये मॅक्स थेलर याने कोंबडीच्या गर्भात वाढवत वाढवत नरम केलं आणि १९३७ साली १७-डी ही लस तयार झाली. १९५१ चं नोबेल त्याला त्यासाठी मिळालं. आज तुमच्या दंडात जी सुई जाते त्यात त्याच असिबीच्या विषाणूचे वंशज असतात. अंड्याची तीव्र अ‍ॅलर्जी असणाऱ्यांना ही लस का देत नाहीत, तेही इथे कळेल.

दरम्यान विमानं आली. १९२९ ला लंडन-कराची, १९३२ ला कैरो-केपटाउन. अंतराची तटबंदी आता खरंच संपली, कारण अंगात ताप यायच्या आत माणूस आफ्रिकेतून कराचीत उतरू शकत होता. १९३३ साली विमान प्रवासासाठी पहिला आंतरराष्ट्रीय आरोग्य करार झाला आणि त्याच्या मुळाशी यलो फिव्हरची भीतीच मुख्य होती. १९४० मध्ये सुदानच्या नुबा डोंगरात साथ आली, पंधरा-सतरा हजार रुग्ण आणि दीड हजारावर मृत्यू. त्याच वर्षी हिंदी सैन्य सुदानमध्ये उतरत होतं. पुढे १९४१ ला एरिट्रियातल्या केरेनच्या लढाईत आपली मराठा लाइट इन्फंट्रीची पोरं लढली. ती माणसं युद्ध संपल्यावर सातारा-कोल्हापूरच्या गावांत परतणार होती, हा विचार तेव्हाच्या अधिकाऱ्यांना अस्वस्थ करत नसेल तर नवल.

स्वातंत्र्यानंतर जागतिक आरोग्य संघटनेत नियम ठरत होते तेव्हा भारताने इतरांपेक्षा कडक अटींचा हट्ट धरला. १९५४ साली विमानांसाठी आरोग्य नियम आले, पाठोपाठ बंदरांसाठी. पाश्चात्त्य देशांचे प्रवासी वैतागायचे, ‘भारत अती करतो’ म्हणायचे. मला वाटतं आपण अती केलं नाही. सरकारी खात्यांवर टीका करण्यात माझं निम्मं आयुष्य गेलंय, पण ही एक गोष्ट त्यांनी सत्तर वर्षं चिकाटीने केली. भारतात आजवर यलो फिव्हर शिरलेला नाही.

कोणी म्हणेल, इतकी वर्षं आला नाही म्हणजे येणारच नाही. त्यांच्यासाठी दोन गोष्टी.

२०१६ साली अंगोलामध्ये मोठी साथ होती. तिथे काम करणारे चिनी मजूर घरी परतले आणि त्यांतल्या ११ जणांना चीनमध्ये यलो फिव्हर निघाला. आशिया खंडात नोंद झालेले हे पहिले रुग्ण. हिवाळा संपत होता, डास कमी होते, म्हणून तिथे पुढे पसरला नाही. त्या वर्षी जगात लशीचा इतका तुटवडा झाला, की काँगोच्या किन्शासा शहरात एका डोसचे पाच भाग करून लोकांना टोचावे लागले. आपल्याकडे साथ आली तर लस कुठून आणणार, याचं उत्तर या एका गोष्टीत आहे.

दुसरी गोष्ट तुमच्या गुडघ्यात आहे. २००६ चा चिकनगुनिया आठवतो? मराठवाड्यात गावंच्या गावं वाकून चालत होती, माणसं भिंत धरून संडासला जात होती. आमच्या गल्लीत एका घरात सात माणसं, सातही अंथरुणात, पाणी भरायला कोणी नाही. ती साथ २००४ मध्ये सुरू झाली होती केनियाच्या किनाऱ्यावर, लामू आणि मोंबासात. तिथून हिंदी महासागरातली बेटं, तिथून भारत. वाहक कोण, तर हाच पट्टेवाला डास. केनियाहून आपल्या गावापर्यंतची वाट एका विषाणूने चालून दाखवलीय. चिकनगुनियाने माणूस सहसा मरत नाही, एवढंच आपलं नशीब.

आणि संशयाने बघितलं जाणं काय असतं, तेही आपल्याला माहीत आहे. १९९४ मध्ये बीड जिल्ह्यातल्या मामला गावात प्लेगच्या गाठी निघाल्या, मग सुरतेत हाहाकार झाला, आणि आखातातल्या देशांनी भारताची विमानं थांबवली. भारतीय पासपोर्ट दिसला की लोक दोन पावलं मागे सरकत. तेव्हा आपण जगाला म्हणत होतो, आमची तपासणी करा पण सरसकट हाकलू नका. आता आपण तपासणीच्या टेबलापलीकडे आहोत, तर खोटं कार्ड पुढे करायचं?

केनियाशी आपलं नातं तसं जुनं. १८९६ ते १९०१ या काळात मोंबासा ते व्हिक्टोरिया सरोवर रेल्वे टाकायला हिंदुस्थानातून सुमारे ३२ हजार मजूर नेले, बहुतेक पंजाबी. मुंबईत प्लेग आला तेव्हा ही भरतीसुद्धा अडली होती. १८९८ साली त्सावोच्या दोन सिंहांनी मजूर खाल्ले, त्यावर पुस्तकं आली, सिनेमे आले. सफारीवर गाइड हमखास ही गोष्ट सांगतो. सिंहांनी मारलेल्यांचा आकडा काही डझनांचा. रेल्वेच्या कामावर एकूण मेले ते जवळपास अडीच हजार, आणि त्यांतले कितीतरी हिवताप, आमांश, अल्सर अशा आजारांनी. त्यांच्यावर सिनेमा नाही. १९०२ मध्ये नैरोबीत प्लेग आला तेव्हा हिंदी लोकांचा बाजारच जाळून टाकला होता, तेही कोणी सांगत नाही.

आता कामाचं. लस प्रवासाच्या किमान दहा दिवस आधी घ्यायची, कारण कार्ड दहाव्या दिवसापासून वैध होतं. नवव्या दिवशी निघालात तर कार्ड असून नसल्यासारखं. लस फक्त सरकारमान्य केंद्रातच, गल्लीतल्या डॉक्टरकडे नाही. मुंबईत बंदर आणि विमानतळाच्या आरोग्य कार्यालयांत मिळते, बाकी केंद्रांची यादी आरोग्य मंत्रालयाच्या संकेतस्थळावर आहे. कुपी एकदा फोडली की काही तासांत संपवावी लागते, म्हणून केंद्रं ठरावीक वारीच माणसं बोलावतात. तारीख महिनाभर आधी घ्या. कार्डावरचं नाव आणि पासपोर्ट नंबर तिथेच उभं राहून तपासा, गावी आल्यावर नव्हे. २०१६ पासून एक डोस जन्मभर चालतो, जुनं कार्ड असेल तर ते जपून ठेवा, परत टोचून घ्यायची गरज नाही.

जिवंत विषाणूची लस आहे, त्यामुळे ती सगळ्यांसाठी नाही. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला देत नाहीत, नऊ महिन्यांपर्यंत टाळतात. कॅन्सरची औषधं किंवा बरेच दिवस स्टिरॉइड चालू असेल, थायमस ग्रंथीचा आजार असेल, गरोदरपण असेल तर आधी आपल्या डॉक्टरांशी बोला. साठीच्या पुढे पहिल्यांदा लस घेणाऱ्यांना गंभीर त्रासाचा धोका थोडा जास्त असतो. आपले ग्रुप तर सगळे साठीच्या पुढचेच! घाबरू नका, पण डॉक्टरला वय, शुगर, चालू गोळ्या सगळं सांगा. तो नको म्हणाला तर केनियाऐवजी दुसरीकडे जा, खोटं कार्ड करू नका. वैद्यकीय कारणाने सूट मिळालेल्यांनीही परतल्यावर सहा दिवस वेगळं राहायची तयारी ठेवावी.

यापेक्षा मोठा घोटाळा वेगळाच आहे. कार्ड मिळालं की लोकांना वाटतं आफ्रिकेचं सगळं भागलं. यलो फिव्हरची लस मलेरियाला चालत नाही. मारामध्ये मलेरिया आहे, आणि तो बहुतेक फाल्सिपॅरम, मेंदूत जाणारा. त्याच्या प्रतिबंधाच्या गोळ्या वेगळ्या, प्रवासाआधी सुरू करायच्या आणि आल्यावरही ठरलेले दिवस घ्यायच्या. आपले लोक आल्यावर दुसऱ्या दिवशी बंद करतात, ‘आता काय, घरी आलो’ म्हणून. माझ्या माहितीतले एक गृहस्थ परतल्यावर बाराव्या दिवशी तापले. एका दवाखान्यात तीन दिवस व्हायरल म्हणून सलाईन चाललं. कोणी विचारलं नाही कुठे गेला होता का, यांनीही सांगितलं नाही. चौथ्या दिवशी बडबडायला लागले तेव्हा मुलीने सांगितलं, बाबा आफ्रिकेत होते. रक्ताची काच तपासली, मलेरिया. वाचले, पण सोळा दिवस दवाखान्यात. आल्यापासून तीन महिन्यांत केव्हाही ताप आला तर दारातूनच म्हणा, मी आफ्रिकेतून आलोय, मलेरिया तपासा.

बाकी किरकोळ. लांब बाह्या घाला, उघड्या अंगाला डासांचं मलम लावा, दिवसाही. पाणी सीलबंद बाटलीचं, बर्फ नको. जीपमधून गाइडने सांगितल्याशिवाय उतरायचं नाही, फोटोसाठी तर नाहीच. नैरोबीत अंधार पडल्यावर पायी भटकू नका, गळ्यातलं सोनं घरी ठेवा. व्हिसाऐवजी २०२४ पासून ऑनलाइन परवानगी घ्यावी लागते, ती केनिया सरकारच्या संकेतस्थळावरूनच काढा. आणि काकू-मावशींसाठी खास सूचना. केनियात २०१७ च्या ऑगस्टपासून प्लास्टिकच्या पिशव्यांवर बंदी आहे, दंड आणि तुरुंग दोन्हीची तरतूद आहे. चिवडा, दशम्या, लोणचं कॅरीबॅगमध्ये बांधून नेऊ नका. डबे न्या, कापडी पिशव्या न्या.

ज्यांना केंद्राची यादी सापडत नसेल त्यांनी मला मेसेज करा, लिंक पाठवतो. कार्डाचं विचारू नका.